टोकाकडून विंचरायचे केस

आत्या,

आज शुक्रवार. तुम्ही गेल्यापासूनचा हा दुसरा, पण न्हाण्याचा पहिलाच. अग्नी तुमच्या भाच्यानं दिला, त्यामुळे सुतक पुरतं आमच्याच घरात होतं. तेराव्यापर्यंत तेल नाही, फणी नाही. माझं काय, चार केस कसेही गुंडाळले तरी कोण बघतंय? पण कावेरीचं डोकं तेरा दिवस विंचरलं नाही तर त्याचं काय होतं, हे तुमच्याशिवाय कोणाला सांगू? मानेपाशी नुसता लोकरीचा गोळा झाला होता. सकाळी नऊला आम्ही मायलेकी परसात बसलो, आणि गिंडीच्या कारखान्याचा बाराचा भोंगा झाला तेव्हा कुठे निम्मं डोकं सुटलं होतं.

त्या बसण्यात पोरीनं मला एक गोष्ट सांगितली. ती ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही, म्हणून ही वही घेऊन बसले आहे. तुम्ही हे वाचणार नाही, ते मला कळतं. तुम्ही होतात तेव्हाही माझं लिहिलेलं तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही तमिळ वाचायचात, बाळबोध अक्षर तुम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. तरी लिहिते. जे बोलायचं होतं ते तुमच्याशी समोरासमोर बोलायला मला दहा वर्षं मिळाली होती आणि ती मी वाया घालवली.

मी साताऱ्याची. लग्न होऊन या तमिळ मुलखातल्या सैदापेटच्या घरात आले तेव्हा सासू-सासरे दोघेही नव्हते. होतात तुम्ही, भावाच्या पोराला, माझ्या नवऱ्याला, लहानाचं मोठं केलेल्या. दारात उभ्या राहून म्हणालात, ‘ये गो, पाय धुऊन ये. रसम चोक्कट झालें आहे.’ चोक्कट म्हणजे छान, हे कळायला मला आठवडा लागला. तुमची ती तंजावरची मराठी मला पोथीतली वाटायची आणि माझी तुम्हाला भांडणातली. ‘तुम्ही साताऱ्याचीं सगळीं रागावूनच बोलतांत कीं काय?’ असं तुम्ही पहिल्याच महिन्यात विचारलंत. मी नाही म्हटलं, तेही रागावूनच.

काविरंगी लुगडं, आणि डोक्यावरून कायम पुढे ओढलेला पदर. सतराव्या वर्षी नवरा गेला तेव्हा डोक्यावरून वस्तरा फिरला, आणि मग तो महिन्याच्या महिन्याला फिरतच राहिला. म्हातारा मुनिसामी परसदारानं यायचा, तुम्ही विहिरीपाशी घराकडे पाठ करून बसायचात, आणि दहा मिनिटांत ते उरकायचं. मी सुरुवातीला बघायचं टाळत असे. पुढे बघायचं विसरूनच गेले. घरातल्या माणसाचं असंच होतं, रोजचं झालं की दिसेनासं होतं.

लग्नाला दहा वर्षं झाली तरी घरात मूल नव्हतं. मुलगीही दत्तक घेता येते असा कायदा तेव्हा नुकताच झाला होता, आणि शहरातल्या एका अनाथाश्रमात आम्ही चार वर्षांची पोर बघून आलो. तिचं जात-गोत कुणालाच माहीत नव्हतं. मला धास्ती होती ती तुमची. तुम्ही मडीत राहणाऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या कडक सोवळ्यात. ओलं लुगडं नेसून स्वयंपाक करायचात आणि जेवणं होईपर्यंत कुणाला शिवून घ्यायचा नाहीत. तुमच्या भाच्यानं खाकरत, अडखळत विषय काढला. तुम्ही डाळ निवडत होतात. मान वर न करता विचारलंत, ‘कितीं वर्षांचें पोर?’

‘चार.’

‘भात आपणच कालवून खातें, कीं भरवायला होणा?’

झालं. एवढाच तुमचा शास्त्रार्थ. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून रडले होते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

कावेरी आली तेव्हा तिचं डोकं जवळजवळ कापलेलंच होतं. उवांच्या भीतीनं आश्रमात सगळ्याच पोरांचे केस बारीक ठेवत. मी आपल्या रिबिनी आणून ठेवल्या, दोन लाल, दोन निळ्या. केस वाढले की दोन वेण्या घालीन, मोगरा माळीन, असले बेत करत बसायची. केस वाढले खरे, पण खाली यायचं नावच घेईनात. वर वाढले, बाजूंनी वाढले. एक केस धरून ओढला तर खांद्याला टेकायचा आणि सोडला की कानाच्या वर जाऊन बसायचा. इतके बारीक, घट्ट वेढे मी माझ्या आयुष्यात कोणाच्या केसांना बघितले नव्हते.

माझ्या आईनं माझे केस जसे विंचरले तशीच मी सुरू झाले. मला दुसरं काय येत होतं? कोरड्या केसांत बारीक फणी, मुळापासून खाली, आणि पोर हललं की पाठीत धपका. शुक्रवारी वाटीभर तेल थापायचं आणि शिकेकाईनं ते सगळं खरवडून काढायचं. त्यात आपल्या विहिरीचं पाणी मचूळ. न्हाऊन डोकं वाळलं की काथ्या परवडला. दोन फण्यांचे दात मोडले. फणीत केसांचे पुंजके यायचे, ते मी चटकन चुलीत टाकायची, तुम्हाला दिसू नयेत म्हणून. शुक्रवार आला की पोर तांदळाच्या डब्यामागे जाऊन बसायची आणि मी तिला हाताला धरून ओढून काढायची. तुम्ही चुलीपाशी असायचात. पळी भांड्यावर आपटायचात, आणि ती मला ऐकू यायची.

मग शाळेतून चिठ्ठी आली. दोन घट्ट वेण्या घालून पाठवा, नाहीतर केस कापून पाठवा. त्याच आठवड्यात बीच स्टेशनकडे जाणाऱ्या गाडीत समोरच्या बाईनं माझ्या वेणीकडे बघितलं, कावेरीच्या डोक्याकडे बघितलं आणि तमिळमध्ये विचारलं, ही तुमचीच मुलगी का? मी हो म्हटलं, पण इतक्या मोठ्यानं, की डब्यातली माणसं वळून बघायला लागली. कावेरीनं माझा पदर सोडून दिला. ते मला अजून दिसतं.

उपाय सगळ्यांकडे एकच होता. तिरुपतीला नेऊन मोट्टै करा, म्हणजे मुंडण. एकदा नव्हे, तीनदा करा, तिसऱ्या खेपेला केस सरळ येतात. शेजारणीनं सांगितलं, दूधवाल्यानं सांगितलं, तुमच्या भाच्याच्या कचेरीतल्या हेडक्लार्कनंसुद्धा सांगितलं. मी मॅट्रिक झालेली बाई, पण मला ते पटलं. खरं म्हणजे मी ते पटवून घेतलं. आज तुम्हाला सांगते आत्या, केस सरळ होतील की नाही याची मला फारशी फिकीर नव्हतीच. मला ते नको होते. मुंडण केलेली सगळी पोरं सारखीच दिसतात. मग गाडीतली बाई विचारणार कशावरून?

शनिवारी पहाटे निघायचं ठरलं. गुरुवारी दुपारी मी पिशवी भरत होते आणि तुम्ही येऊन चौकटीला टेकून उभ्या राहिलात.

‘पोरीला विचारलीस कीं?’

‘काय विचारायचं?’

‘केस द्यायचे, कीं नक्को म्हणून.’

‘पाच वर्षांची आहे ती आत्या. तिला काय कळतंय?’

‘मी सतरा वर्षांची होतें. मलाही कोण्ही विचारले नाहींत. कळत होतें मला सगळें.’

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. इतक्या वर्षांत तुम्ही स्वतःबद्दल पहिल्यांदा काही बोलला होतात. ते ऐकायचं सोडून मला शाळेची चिठ्ठी आठवली, गाडीतली बाई आठवली, मोडक्या फण्या आठवल्या, आणि ते सगळं एकदम माझ्या तोंडाला आलं. मी म्हणाले, ‘तुम्हाला केसांचं काय कळतंय, आत्या?’

तुमचा हात वर गेला आणि पदर होता त्यापेक्षा दोन बोटं आणखी पुढे ओढलात. मग वळून आत गेलात.

मी पिशवी भरत राहिले. जाऊन पाय धरावेत असं वाटलं आणि धरले नाहीत. आत्ता जाते, चहा झाला की जाते, असं करता करता चार वाजले आणि परसदारी अंजलै आली. देवाच्या फुलांची टोपली घेऊन रोज यायची ती. तुम्ही तिच्याकडून सुटी फुलं घ्यायचात आणि केळीच्या सोपटाचं नार, म्हणजे धागा, भिजवून त्यात स्वतः ओवायचात. स्वतःला माळायची नसली तरी तुमच्यासारखा हार साऱ्या गल्लीत कुणाला जमत नव्हता. अंजलैच्या डोक्यावर कावेरीसारखेच वेढे होते. मी तिला पाच वर्षं रोज बघत होते, पण ते मला कधी दिसले नव्हते. तुम्हाला दिसले होते. तुम्ही तिला विचारलंत, तुझ्या डोक्याला काय लावतेस गं? ती हसायलाच लागली. म्हणाली, असल्या सुरुट्टै, कुरळ्या केसांना शिकेकाई कोण लावतं, आजी? सेंबरुत्तीचा पाला लावायचा.

आणि सेंबरुत्ती, म्हणजे आपली जास्वंद, विहिरीच्या कठड्याला टेकून उभी होती. रोज तिची फुलं देवाला वाहत होतो.

संध्याकाळी तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, ‘एक शुक्रवार दे मला. मग जा तुझ्या तिरुपतीला.’

मी हो म्हटलं ते शरमेनं. तुमच्यावर भरवसा होता म्हणून नव्हे.

त्या शुक्रवारी तुम्ही मूठ-दोन मुठी पाला पाण्यात कुस्करलात. बुळबुळीत हिरवा रस झाला, तो फडक्यातून गाळलात. मग सरळ प्यायच्या पाण्याच्या हंड्यालाच हात घातलात. मी ओरडले, ‘अहो, नळाचं गोडं पाणी आहे ते! दोन बायांशी भांडून भरलंय मी!’

‘म्हणूनच. विहिरीच्या पाण्यानें पोरीचें डोकें घासून घासून काथ्या केलीस. भांड अजून दोघींशीं.’

ही आपली गोड्या पाण्याची लढाई मग दहा वर्षं चालली. ती कोणीच जिंकली नाही आणि आता लढायला समोर कोणी नाही.

माझी फणी तुम्ही बाजूला सरकवलीत. कावेरी अंग चोरून, डोळे मिटून बसली होती. तुम्ही आधी केस भिजवलेत, त्यांना रस चोपडलात आणि मुळाला हातच लावला नाहीत. टोकं धरलीत. बोटांनी शेवटची दोन बोटं लांबी सोडवलीत, मग त्याच्या वरची दोन, मग त्याच्या वरची. मध्येच मला म्हणालात, ‘नार कोरडें ओढतें कीं कोण्ही? तुटणारच. भिजवायचें, टोकाकडून सोडवायचें. अर्ध्या तासांत हार होतो. केसाला काय वेगळें आहे?’ दीड तास तुम्ही बसला होतात. तासाभरानं कावेरीची मान तुमच्या मांडीवर कलंडली. मला वाटलं तिला घेरी आली. झोपली होती ती. ती घरात आल्यापासून रडण्यावाचून गेलेला तो पहिला शुक्रवार.

आणि मग तुम्ही उठलात, विहिरीवर गेलात आणि पुन्हा डोक्यावरून पाणी घेतलंत. मला तेव्हा कुठे उमगलं. पोरीला शिवलात म्हणजे मडी मोडली, पुन्हा न्हाल्याशिवाय चुलीला हात लावता येणार नाही. साठी उलटलेली बाई, गुडघे दुखत होते तुमचे. त्यानंतर किती शुक्रवारी तुम्ही दोनदा न्हालात, मी मोजले नाहीत.

शनिवारी पहाटेची गाडी गेली. आम्ही गेलो नाही. कोणी काही ठरवलं नाही. रविवारी मी पिशवी रिकामी केली.

मला वाटलं, बरं झालं, हे काम आता तुमच्या गळ्यात पडलं. तर तिसऱ्याच शुक्रवारी तुम्ही मला खाली बसवलंत. ‘माझे हात अजून कितीं दिस? तूं शीक. आई तूं आहेस, कीं मी?’ माझी बोटं अडाणी. जरा घाई केली, मुळाकडे वळले, की तुमची ओली चापट मनगटावर. ‘वरून नक्को! टोकाकडून!’ किती वेळा ओरडलात, आणि ते ऐकून पोर खुदुखुदु हसायची. आईला चापट बसते याचा तिला कोण आनंद! बोटांनी किती दिवस भागवणार, म्हणून तुमच्या भाच्यानं जाड, विरळ दातांच्या कंगव्याचा नकाशा काढला. रेल्वेचा ड्राफ्ट्समन तो. मापं घालून, बाणबिण काढून, तिन्ही बाजूंनी. गिंडीच्या एका सुताराकडून त्यानं तो सागवानात कापून आणला. तुम्ही तो उलटसुलट बघितलात आणि म्हणालात, ‘पुलावरून गाडी जाईल ह्याच्या.’ पण तोच कंगवा आज दहा वर्षं टिकला आहे.

वर्षभर लागलं मला. ओलसर केसांच्या दोन वेण्या घालून, लाल रिबिनी बांधून कावेरी शाळेत गेली त्या दिवशी मी दारात उभी राहून ती वळेपर्यंत बघत राहिले. पुढेही गाडीत लोकांनी विचारलंच. पण आता मी हळू आवाजात हो म्हणत असे आणि हात तिच्या डोक्यावर असायचा. त्या डोक्यातला प्रत्येक गुंता माझ्या बोटांच्या ओळखीचा झाला होता. विचारणाऱ्या बाईला काय कळणार ते!

हे सगळं तुम्ही मला दिलंत. आणि मी तुम्हाला जे बोलले होते ते मात्र तसंच राहिलं. तुम्ही कधी त्याचा उल्लेख केला नाहीत आणि मी तेवढ्यावर समाधान मानलं, की विसरल्या असतील. एकदा, कावेरी दहाएक वर्षांची असेल तेव्हा, आपण तिघी जास्वंदीखाली बसलो होतो. मी धीर करून विचारलं, ‘आत्या, तुमचे केस कसे होते हो?’ मला त्याच्या मागोमाग माफी मागायची होती. मनात वाक्यही जुळवून ठेवलं होतं. तुम्ही थोडा वेळ कावेरीच्या केसांकडे बघत राहिलात आणि म्हणालात, ‘विसरलें गो.’ मग उठून वाळवणं उचलायला गेलात. माझं जुळवलेलं वाक्य जिथल्या तिथं राहिलं.

तुम्ही गेलात तो शनिवार. जेवण करून पडलात आणि तीनच्या चहाला उठला नाहीत. इतकी वर्षं आमची सगळ्यांची उस्तवार केलीत आणि जाताना कोणाला पेलाभर पाणी द्यायचीही संधी दिली नाहीत. याचा मला अजून राग आहे.

न्हाऊ घालायला मी बसले. पदर मागे सारला आणि हात तिथंच थबकला. तुमच्या डोक्यावर केस होते. चार बोटं लांब, पांढरेशुभ्र, मऊ, अगदी सरळ. मुनिसामी गेल्या वर्षी म्हातारपणामुळे गावी निघून गेला, हे मला माहीत होतं. तुम्ही दुसरा कोणी बघितला असेल, असं मी धरून चालले होते. वर्षभर तुम्ही माझ्यासमोर जेवलात, बसलात, भांडलात, आणि मला पत्ता नाही. केसांना तेल होतं. एक गुंता नव्हता. तुमचे हात तर दोन वर्षांपासून खांद्याच्या वर जात नव्हते. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं, डोकं कुठून चालणार?

मांबळमचे मोठे भाऊजी, तुमच्या भाच्याचे चुलतभाऊ, ओसरीवर बसले होते. बायकांकडून त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी निरोप धाडला, न्हाव्याला बोलवा, हे असं नेता येणार नाही. मी ओसरीच्या दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहिले.

‘न्हावी येणार नाही, भाऊजी.’

‘वहिनी, रीत आहे ती. आमच्या घराण्यांत आजवर झालेलें नाहीं असें.’

‘पहिल्यांदा वस्तरा फिरवला तेव्हा विचारलं होतं का त्यांना कोणी?’

‘आतां कोणाला विचारणार?’ भाऊजी म्हणाले. माणूस वाईट नाही तो, आणि त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं. पण चौकटीतून मी हलले नाही. तेव्हा तुमचा भाचा, जो आयुष्यभर खाकरल्याशिवाय एक वाक्य बोलला नाही, तो न खाकरता म्हणाला, ‘केस आहेत तसे राहतील, अण्णा. आत्यांचे आहेत ते.’

भाऊजी उठून फाटकापाशी जाऊन उभे राहिले, पण घाटावर आले. मी मागे वळले तर कावेरी तो लाकडी कंगवा घेऊन उभी. तोंड पांढरं पडलेलं. मला वाटलं, पोर समजूतदार आहे, लागेल ते हातात आणून देते आहे. मी कंगवा घेतला आणि तुमचे केस विंचरले. टोकाकडून. सरळ केसांना त्याची गरज नव्हती, तरी टोकाकडूनच.

आणि आज सकाळी ती माझ्या पुढ्यात बसली होती. पाठ माझ्याकडे, तोंड जास्वंदीकडे. तोंड दिसत नसलं की माणसाला बोलायला सोपं जातं. मानेजवळच्या गुंत्याशी मी झटत होते तेव्हा ती म्हणाली, ‘आई, आत्यांचे केस मीच विंचरत होतें.’

तुम्हीच शिकवलेली तिची मराठी. तिच्या तोंडून तुमचाच हेल निघतो, आणि तेरा दिवस तो ऐकून मी दचकते आहे.

तिनं सगळं सांगितलं. मुनिसामी गेला त्या महिन्यात तिनं तुम्हाला विचारलं होतं, आत्या, दुसरा न्हावी आणायचा, कीं वाढूं द्यायचे? तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, तुम्ही म्हणालात, ‘वाढूं दे. बघूं कसे येतात तें.’ तेव्हापासून रोज दुपारी, मी आडवी झाले की, मागच्या खोलीत ती तुमचं डोकं मांडीवर घ्यायची. केस बोटभर झाले तेव्हा तुम्ही तिच्याकडून आरसा मागून घेतलात. बघितलात आणि म्हणालात, ‘चोक्कट आहेत कीं.’

मी विचारलं, ‘अगं, मग मला का नाही सांगितलंत दोघींनी? मी काय नको म्हटलं असतं?’

‘मी सांगतें म्हणालें होतें. आत्याच नक्को म्हणाल्या. म्हणाल्या, तुझी आई मला एकदां कांहीं बोलली होती. माझे केस बघितले कीं तिला तें आठवेल, आणि रडत बसेल उगीच.’ मग मान न वळवता तिनं विचारलं, ‘काय बोलली होतीस गो तूं त्यांना?’

आत्या, तुम्ही विसरला नव्हतात. दहा वर्षं ते वाक्य तुमच्यापाशी होतं. आणि साठ वर्षांनी डोक्यावर केस आले, ते तुम्ही घरात माझ्यापासून पदराखाली झाकून ठेवलेत, का, तर मला वाईट वाटू नये. मला बघायचे होते हो ते. तुमच्या हातातल्या त्या आरशात, तुमच्या शेजारी बसून. चुकले मी. त्या गुरुवारी चुकले, आणि त्यानंतर रोज चुकत राहिले. हे बोलायला तुमच्यापर्यंतची चार पावलं मला चालवली नाहीत.

पोरीला मी सांगितलं. शब्दन् शब्द सांगितला, माझ्या बाजूचं काही जोडलं नाही. तिरुपतीचं सांगितलं, भरलेल्या पिशवीचंही सांगितलं, कारण ते केस तिचे होते. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, नुसतं डोकं दिसत होतं, अर्धं सुटलेलं, अर्धं तसंच. आता ही उठून जाईल असं मला वाटलं, आणि गेली असती तर मी तिला थांबवलं नसतं. गोड्या पाण्याचा हंडा शेजारीच होता. आज तो मी आपण होऊन आणला होता.

तिनं मान थोडी मागे टेकवली, माझ्या गुडघ्यावर.

‘आई,’ ती म्हणाली, ‘हात कां थांबला? अर्धे राहिले आहेत अजून.’